परत गेल्याचा कागद

इंदोरा, नागपूर
१६ जून १९७४

रविंद्र,

वर 'जयभीम' लिहिलं होतं. ते पान फाडलं आणि हे दुसरं घेतलं. तुला जयभीम लिहावा की नाही, हे मला आज ठरवता येत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

काल संध्याकाळी चंपतराव आले. आपल्या ओळीतलं चौथं घर, कचेरीत चपराशी, तुला लहानपणी सायकलवर बसवून शाळेत सोडायचे तेच. म्हणाले, रविंद्रच्या नोकरीचे पेढे खाल्ले, पण तुमचं अभिनंदन करायचं राहिलं. मी पाट दिला. आई आत तेंदूची पानं भिजवत होती. चंपतरावांनी इकडचंतिकडचं बोलून आवाज उतरवला आणि विचारलं, रविंद्रला त्या पंडितानं किती दिवसांत चिठ्ठी दिली, माझा पोरगाही यंदा दिल्लीच्या परीक्षेला बसतो आहे. मी म्हटलं, कसली चिठ्ठी. त्यांना वाटलं मी लपवते आहे. ते हसले.

"मास्तरीणबाई, आपल्यात काय लपवता? मले सगळं माहीत हाय."

आणि खिशातून घडी केलेला टाईप केलेला कागद काढला. कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून तुझ्या कागदाची फोटोस्टॅट नक्कल आणली होती, नमुना म्हणून.

कागद इंग्रजीत होता, मी तो वाचला. मी रविंद्र धोंडबा गजभिये, जन्मानं हिंदू महार, माझ्या वडिलांनी एकोणीसशे छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा मी अजाण होतो, आता मी स्वखुशीनं हिंदू धर्मात परत गेलो आहे, माझ्या समाजानं मला स्वीकारलं आहे, शुद्धी झाल्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. खाली तुझी सही. तुझ्या सहीतला 'ग' मी ओळखते. पाटीवर तो मीच गिरवून घेतला होता.

म्हणजे तू आईला सांगितलंस ते खोटं. खुल्या जागेवर लागलो, गुणांवर लागलो, हे खोटं. आईनं त्या खोट्याचे पेढे घरोघर नेऊन दिले.

शुद्धी कशी करतात हेही चंपतरावांनी सांगितलं, कुणी जेवणाचं वर्णन करावं तसं. बोटात दर्भाची अंगठी, कपाळाला भस्म, आणि मग द्रोणातून गाईचं मूत, शेण, दूध, दही, तूप कालवलेलं. ते प्यायचं. तू प्यालास. चंपतराव गेल्यावर मी मोरीत जाऊन ओकले. आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं शाळेत शिळी उसळ खाल्ली.

तुला आठवत नाही, तू तीन वर्षांचा होतास. मी बारा वर्षांची होते. बाबांनी गिरणीतून रजा काढली होती, पांढरं धोतर उधार आणलं होतं, आणि तुला खांद्यावर बसवून ते त्या मैदानाकडे चालत निघाले. रस्ताभर पांढरे कपडे. परत आल्यावर बाबांनी देव्हाऱ्यातले टाक एका फडक्यात बांधले. आई भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटत होतं आता घरात कुणीतरी मरणार. बाबा फडकं घेऊन गेले आणि हात झटकत परत आले. म्हणाले, आता आपण कोणाच्या पायरीवर उभं राहायचं नाही. पुढं तेरा वर्षं ते गिरणीत कापसाची धूळ गिळत जगले, पण पायरीवर उभे राहिले नाहीत.

आता त्या इंग्रजीबद्दल. एप्रिलातल्या एका रविवारी मी पेपर तपासत होते. तू शेजारी येऊन बसलास आणि विचारलंस, ताई, माणूस पहिल्या स्थितीला परत जातो, त्याला इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब कोणतं. मी खूश झाले. मी म्हटलं, 'गो बॅक टू'. लाल पेन्सिल हातात घेऊन मी तुला उदाहरणं दिली. ती पुन्हा झोपी गेली. सुटी संपली, मुलं शाळेत परत गेली. दारू सोडलेला माणूस पुन्हा दारूकडे गेला. हे तिसरं तुला फार आवडलं होतं. मला वाटलं परीक्षेसाठी विचारतो आहेस. कागदावर ते वाक्य जसंच्या तसं आहे, आणि व्याकरण अगदी शुद्ध आहे. माझी विद्या तू अशी वापरलीस.

आईला अजून सांगितलेलं नाही. तू सांग.

सुभद्रा


इंदोरा, नागपूर
४ ऑगस्ट १९७४

रविंद्र,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात चूक शोधत होते.

तू लिहितोस, ताई, तू शाळेत लागलीस तेव्हा राज्य सरकारनं बौद्धांना सवलत दिली होती, ती तू घेतलीस. दिल्लीच्या सरकारनं ती दिलेली नाही. माणूस तोच, वस्ती तीच, घर भाड्यानं देताना आडनाव विचारणारे तेच. फक्त कागदावर बौद्ध लिहिलं की आपण एका दिवसात पुढारलेले झालो. मग मी कागदाला कागदानं उत्तर दिलं, त्यात मन कुठं आलं. आणि लिहितोस की जबलपूरला तुझ्या खोलीत अजून आपल्या घरात आहे तीच तसबीर आहे, तू रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहतोस.

चूक सापडली नाही. दिल्लीचा नियम अन्यायाचा आहे. त्यानं आपल्या पोरांना सांगितलं, भाकर पाहिजे तर आधी खाली वाका. हे मीही, वर्गात नाही तरी घरी, शंभरदा बोलले आहे. तुझं म्हणणं बरोबर आहे आणि तरी मला त्याची किळस येते. तसबिरीसमोर उभा राहतोस हे वाचून तर जास्तच. त्यापेक्षा तू ती काढून ठेवली असतीस तर मला काही तरी समजलं असतं.

आईला तू सांगितलं नाहीस. ते काम तू माझ्यावरच टाकलंस, जसं लहानपणी फुटलेली पाटी माझ्या दप्तरात ठेवायचास.

मी मागच्या रविवारी सांगितलं. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी सगळं सांगितलं, पंडित, द्रोण, कागद. तिचे हात थांबले नाहीत. पान कापलं, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला. आठ-दहा विड्या झाल्या असतील. मग तिनं एवढंच विचारलं.

"मंग त्याची नोकरी पक्की हाय ना?"

मी उठून बाहेर गेले. त्या क्षणी मला आपली आई आवडली नाही. बाबांच्या मागं तेरा वर्षं उभी राहिलेली बाई, आणि हा प्रश्न. विहिरीच्या काठावर बसून मी स्वतःला सांगत होते की ती अडाणी आहे. मग आठवलं, बाबा गेल्यावर माझं बी.ए. पुरं व्हावं म्हणून तिनं बोटांची कातडी जाईस्तोवर विड्या वळल्या. माझ्याही नोकरीबद्दल तिनं तेव्हा हेच विचारलं होतं, याच शब्दांत. त्या वेळी मला तो प्रश्न गोड लागला होता.

वस्तीत आता कळलं आहे. कुणी तोंडावर काही बोलत नाही. विहारात रविवारी आईशेजारची चटई रिकामी राहते, एवढंच. आणि गंमत अशी की तीच माणसं एकेकटी येऊन हळूच विचारतात, पंडित कुठला. आतापर्यंत तिघं विचारून गेले. मी दार लावून घेते. सगळ्या वस्तीला एक वास येतो आहे असं मला वाटतं, आणि खिडकी लावली तरी तो आत येतो.

इतक्यात पत्र लिहू नकोस.

सुभद्रा


इंदोरा, नागपूर
१९ जानेवारी १९७५

रविंद्र,

तुझं काम झालं. चौकशीवाला माणूस गुरुवारी येऊन गेला.

तुझं सूचनांचं पत्र त्याच्या आधी दहा दिवस आलं होतं. कचेरीला संशय आला आहे, घरी येऊन बघणार आहेत की कुटुंब खरंच हिंदू झालं की नुसता कागद आहे. म्हणून त्या दिवसापुरत्या दोन्ही तसबिरी काढा, देवाचं एखादं चित्र लावा, आईनं कुंकू लावावं, ताईनं नीट बोलावं. मी ते पत्र वाचलं, फाडलं आणि चुलीत घातलं. आईला म्हटलं, काही नाही, खुशाली आहे.

आई वाचत नाही, पण तिला माझं तोंड वाचता येतं. ती चंपतरावांकडे गेली. त्यांना तू वेगळं पत्र लिहिलं होतंस, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मी फाडणार हे तू धरूनच चालला होतास.

गुरुवारी माझी सकाळची शाळा. साडेबाराला घरी आले, तर समोरच्या भिंतीवर दोन चौकोन. इतकी वर्षं तसबिरी होत्या तिथला चुना पांढरा राहिला होता आणि भोवतीची भिंत धुरानं काळी. त्या दोन चौकोनांवर मधोमध एक कॅलेंडर टांगलेलं, कुठल्या तरी किराणा दुकानाचं, चंपतरावांनी आणलेलं. त्यानं चौकोन पुरते झाकले जात नव्हते. तसबिरी कुठे आहेत म्हणून विचारलं तर आईनं धान्याच्या कोठीकडे बोट केलं. ज्वारीत खुपसून ठेवल्या होत्या. आईच्या कपाळावर कुंकू होतं. अठरा वर्षांनी लावलेलं, त्यामुळे वाकडं लागलं होतं.

मी ते कॅलेंडर ओढायला हात वर केला. आई म्हणाली, "सुभद्रे, हात खाली घे. तुले पोटचं पोर नाही, तुले समजणार नाही." असं ती मला कधी बोलली नव्हती. मी हात खाली घेतला.

तो माणूस एकच्या सुमाराला आला. महादेवराव म्हणून, पन्नाशीचे, काळा कोट, मऊ बोलणारे. मला वाटलं होतं कुणी उर्मट येईल. हे तर दाराशी चपला काढून, आत येऊ का विचारून आले. खुर्ची दिली ती त्यांनी रुमालानं पुसली आणि बसले. भिंतीकडे पाहिलं. चौकोन त्यांना दिसले असणारच. त्यांनी वही उघडली.

त्यांनी आईला विचारलं, घरात पूजा कोण करतं. आई म्हणाली मीच. त्यांनी विचारलं, कोणत्या देवाची करता. आईनं कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर कोणता देव आहे हे तिला ठाऊक नव्हतं. चंपतरावांनी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं.

"जो हाय त्याची," ती म्हणाली.

महादेवरावांनी ते वहीत लिहून घेतलं. मलाही त्यांनी एकदोन प्रश्न विचारले. मी काहीतरी उत्तर दिलं.

बोलता बोलता त्यांना दोनदा ठसका लागला. धूळ असते आपल्या गल्लीत जानेवारीत. आईनं लगबगीनं पाण्याचा गडवा आणि पितळी पेला घासून आणला, ताटलीत ठेवून पुढे केला. महादेवरावांनी पाय थोडे मागे घेतले. वही छातीशी धरली. रागानं नाही, लाजूनच म्हण.

"राहू द्या बाई, आमच्याकडे चालत नाही. तुम्ही आता आपल्यातच परत आलात, तुम्हाला वेगळं सांगायला नको."

रविंद्र, हे वाक्य त्यांनी आपुलकीनं म्हटलं. आपुलकीनं. जणू आता आपल्याला घरच्या रीतीभाती माहीत आहेत, म्हणून समजावून सांगायची गरज उरली नाही. मग त्यांनी वहीवर शेरा लिहिला, कुटुंब हिंदू धर्म पाळते असे आढळले, आणि उठले. नमस्कार केला. आमच्या दारातून कोपऱ्यावरचा चहाचा ठेला दिसतो. तिथं उभं राहून त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं आणि मग चहा घेतला. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. त्यांनी आमच्याकडे पाहून हातसुद्धा हलवला.

तुझा कागद खरा ठरला. तू जिथं परत गेलास असं त्यात लिहिलं आहेस, तिथलंच हे सगळं आहे, हातचं पाणी न चालणंसुद्धा. नरखेडकडच्या गावात बाबा लहान असताना विहिरीपासून लांब उभे राहून कुणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघायचे. फरक एवढाच की आता आपण नागपुरात राहतो आणि मला इंग्रजी येतं.

आई अजून पेला हातात धरून उभी होती. मग तिनं ते पाणी स्वतः प्यायलं, उभ्यानंच, एका दमात. पदरानं कुंकू पुसलं. ते नीट निघालं नाही, कपाळभर लाल झालं. कॅलेंडर काढलं. कोठीत हात घालून तसबिरी बाहेर काढल्या, त्यांच्या चौकटीतून ज्वारीचे दाणे वेचले आणि पुन्हा टांगल्या. तेव्हापासून ती विहारात जात नाही. मी विचारलं तर म्हणते पाय दुखतात.

तुझं अभिनंदन.

सुभद्रा


इंदोरा, नागपूर
३० मार्च १९७५

रविंद्र,

आज तुला दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत आणि एक कळवायची आहे. कबुली आधी, नाहीतर राहून जाईल.

पहिली. एप्रिलातल्या त्या रविवारी मला वाटलं तू परीक्षेसाठी विचारतो आहेस, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. तुझ्या वहीखालून स्टँपपेपरचा कोपरा दिसत होता. मी तो ओढून घेतला होता. तू अडवलं नाहीस. तू लिहिलं होतंस, 'आय हॅव वेंट बॅक इन हिंदू रिलिजन'. मी 'वेंट' खोडून 'गॉन' केलं, 'इन' खोडून 'टू' केलं, आणि कागद तुला परत दिला. म्हटलं, हॅवच्या पुढे तिसरं रूप येतं, कितीदा सांगू. त्यावर तू हसलास आणि मीही हसले. कागद कशाचा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि आपण दोघंही फक्त व्याकरणाचं बोललो. त्यानंतर आठ महिने मी तुला किळस, किळस लिहीत राहिले. तू एकदाही मला ते खोडलेलं वाक्य आठवून दिलं नाहीस. का दिलं नाहीस ते मला कळत नाही. माझी लाज राखलीस की माझा कंटाळा आला होता?

दुसरी. महादेवरावांनी मला काहीतरी विचारलं आणि मी काहीतरी उत्तर दिलं, असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही शिकलेल्या आहात, भाऊ परत आला हे तुम्हाला मान्य आहे का. मी म्हटलं, हो, सगळं घरच परत आलं आहे. इतकं त्यांनी विचारलंही नव्हतं. आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली, इंग्रजीत, पूर्ण नाव लिहून. पाण्याचं त्याच्यानंतर झालं. ते आधी झालं असतं तर मी सही केली नसती असं मी रोज स्वतःला सांगते, आणि मला त्याची खात्री नाही.

आता यापुढचं. फेब्रुवारीत चंपतराव स्टँपपेपर घेऊन आले. म्हणाले, रविंद्रचं तुम्हीच नीट केलं होतं, त्यानं सांगितलं मले, आता माह्या पोराचंही तसंच फर्मास लिहून द्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. मी लिहून दिलं. ते हात जोडून गेले. वाक्यरचना इतकी चांगली झाली होती की ते गेल्यावर मी ती मनात पुन्हा म्हणून पाहिली. तेव्हा मला माझ्या हाताचा वास आला, रविंद्र. साबणानं धुतला. शाईचा वास जातो, हा गेला नाही.

आज रविवार. विहारात वंदना झाली, लोक उठायच्या आत मी उभी राहिले. पन्नासेक माणसं असतील. मला वर्गात बोलायची सवय आहे, पण असं बोलायची नाही. मी सांगितलं, माझ्या भावाचा परत गेल्याचा कागद मी दुरुस्त करून दिला, चौकशीवाल्यासमोर मी खोटं बोलले, आणि त्यानंतर दुसऱ्या एकाचाही कागद मी लिहिला. त्याचं नाव घेतलं नाही. चंपतराव तिसऱ्या ओळीत बसून चटईची काडी मोडत होते. मी म्हटलं, तुम्हाला मला इथं येऊ द्यायचं नसेल तर तसं सांगा.

मला वाटलं होतं ओरडतील, निदान थुंकतील. कुणी माझ्याकडे पाहतच नव्हतं. मग पुढून बायजाबाईंचा आवाज आला. बायजाबाई म्हणजे विहार झाडणाऱ्या, सत्तरीच्या, तुला चिंचा द्यायच्या त्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"झालं सांगून? मंग बस खाली. माह्या पेटीत असे दोन कागद हायेत. पोरगा म्हणे रेशनचे हायेत. मी म्हटलं, असतीन."

मग कुठूनतरी एक हुंकार आला. मग दुसरा. एक म्हातारे म्हणाले, आमच्या घरीही एक आहे. एका बाईनं नुसतं बोट वर केलं. मी मोजलं नाही. ज्या माणसांनी आईशेजारची चटई रिकामी सोडली होती, त्यांच्यातलीच ती बरीचशी होती. मला वाटलं होतं आपण एकटे घाण झालो, आणि सगळेच झालो आहोत हे कळल्यावर हलकं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही. लगेच कुणीतरी म्हणालं की हे बाहेर जाऊ देऊ नका, आणि त्यावर सगळ्यांनी पटापटा माना हलवल्या. सकाळपासून एवढी एकच गोष्ट सगळ्यांना एकदम पटली.

बायजाबाई मात्र उठल्या. कंबरेवर हात ठेवून माझ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुले इंग्रजी येते ना वं? मंग आमच्यापाशी काहून रडून राहिली? जे हा कागद मांगतात, त्याईले लिही ना."

मी तिथंच बसून लिहिलं. दिल्लीच्या सरकारला अर्ज. आम्ही बौद्ध आहोत. आमची पोरं नोकरीसाठी खोटं लिहितात, कारण तुमचा नियम त्यांना खरं लिहू देत नाही. धर्म बदलल्यानं आमच्या हातचं पाणी कुणाला चालू लागलं नाही, मग सवलत कशी बंद झाली. नियम बदला. असा दीड पानाचा मजकूर. मी मराठीत वाचून दाखवला. कुणी म्हणालं यानं काही होत नाही. असेल तसंच. मलाही फार आशा नाही. दिल्लीत असे कागद पोत्यानं पडून असतील.

पण सह्या झाल्या. अंगठे जास्त, सह्या कमी. पहिली सही चंपतरावांनी केली. पोराचा परत गेल्याचा कागद अजून कचेरीत ताजा आहे, आणि हा माणूस 'आम्ही बौद्ध' या ओळीखाली झोकात सही करतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, दोन्ही खरं आहे मास्तरीणबाई, काय करता. त्या माणसाची मला शिसारी आली आणि तो कागद त्यांच्यासमोरून ओढून घ्यावासा वाटला. मग दुसरी सही माझी होती.

आई विहाराच्या दारात उभी होती. केव्हा आली मला कळलं नाही. पाय दुखतात म्हणणारी बाई चपला हातात घेऊन सगळं ऐकत होती. तिनं आत येऊन अंगठा दिला. बोटांना तंबाखू लागलेली होती, त्यामुळे अंगठा निळ्याऐवजी तपकिरी उमटला.

आता कळवायचं ते. पन्नास माणसांसमोर मी तुझ्या कागदाचं बोलले आहे. माना हलवल्या तरी तोंडं बंद राहतीलच असं नाही. उद्या कुणी तुझ्या कचेरीला अर्ज केला तर तुझी नोकरी जाऊ शकते, आणि ती माझ्या बोलण्यानं जाईल. माफी मागत नाही. जाऊ नये असं वाटतं, हेही लपवत नाही.

सोबत अर्जाची दुसरी प्रत आहे. विहारातली प्रत आठवड्याभरानं जाईल. या प्रतीवर खाली एक ओळ मी तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. सही करायची तर नावापुढे धर्म लिहावा लागेल, तिथं बौद्ध लिहावं लागेल, आणि सरकारकडे तुझे दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध जातील. त्याचं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू त्याच सरकारच्या कचेरीत बसतोस.

मी पत्र लिहिताना आई शेजारी बसली आहे. आत्ता तिनं विचारलं, काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. म्हणाली, त्याला सांग, सही करू नको, आणि उन्हाळ्यात सुटी मिळाली तर घरी ये. ते तिनं सांगितलं तसं लिहिलं आहे.

सोबत रिकामं पाकीट आहे, त्यावर परतीचा पत्ता मी लिहून ठेवला आहे.

सुभद्रा